निबंध फक्त बाईंनीच का वाचायचा?

ऑकलंडच्या शाळेतलं काय उचलून सातारला आणावंसं वाटतं असं इथं सुट्टीला आल्यापासून बरेच जण विचारतात, आणि मी प्रत्येकाला एकच सांगते, पोरांचे ब्लॉग. कॉम्प्युटर नाही, मोठं ग्राउंड नाही, स्वच्छ टॉयलेट पण नाही (ते तर पाहिजेच, पण तो वेगळा विषय). ब्लॉग.

पूर्व ऑकलंडमध्ये ग्लेन इनिस, पॉइंट इंग्लंड, पानम्युअर असे भाग आहेत, बहुतेक माओरी (तिथले मूळ रहिवासी) आणि पॅसिफिक बेटांवरून आलेली कुटुंबं, श्रीमंती अजिबात नाही. तिथल्या शाळांनी एकत्र येऊन मानायाकालानी नावाचा गट केला, पालकांनी दर आठवड्याला थोडे थोडे पैसे भरून पोरांना लॅपटॉप घेतले आणि पोरांना स्वतःचे ब्लॉग मिळाले. शिका, तयार करा, शेअर करा, एवढंच सूत्र. आता ही पद्धत न्यूझीलंडमध्ये बऱ्याच ठिकाणी पसरलीय. माझ्या लेकीच्या शाळेतही तसंच आहे, ब्लॉगवर फक्त पहिलं नाव, कंट्रोल बाईंकडे, आणि कमेंट आली की आधी बाई बघणार मग ती दिसणार.

पण खरी गंमत कमेंटमध्ये आहे. नुसतं छान, मस्त, अंगठा असं चालत नाही, काय आवडलं ते सांगायचं आणि एक तरी प्रश्न विचारायचा, हे वर्गात रीतसर शिकवतात. तिकडची मोठी सुट्टी डिसेंबर-जानेवारीत असते आणि सुट्टीत पोरांचं लिखाण मागं पडतं म्हणून मानायाकालानीवाल्यांनी सुट्टीतला ब्लॉग उपक्रमच काढला, त्यात पोरांनी लिहायचं आणि सुट्टीतही त्यावर कमेंट करणारी माणसं नेमलेली. म्हणजे पोरगं लिहितंय आणि कुणी वाचतच नाही असं होऊ द्यायचं नाही.

लेकीनं इथून अजिंक्यताऱ्यावर पोस्ट टाकली, चार ओळी, किल्ल्यावर गेलो, वारा होता, मजा आली. तिकडून वर्गातल्या पोरीनं विचारलं, एवढ्या उंचावर लोक राहायचे तर पाणी कुठून प्यायचे? झालं, लेक आजोबांच्या मागं लागली, मग सगळे परत वर गेलो, तळी बघितली, आजोबांनी खाली शहराला कास तलावाचं पाणी येतं तेही सांगितलं, आणि दुसरी पोस्ट केवढी मोठी झाली म्हणून सांगू. हे मी सांगून झालं नसतं, आणि दहा पैकी सात मार्क देऊन तर नक्कीच नाही. वाचणारं कुणीतरी खरंच जाणून घ्यायला बसलंय हे कळलं की पोर आपणहून खोलात जातं, माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

आणि यात इंटरनेटचं फार कौतुक करायचीही गरज नाही. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचा एक खेड्यातला मास्तर होता, पहिल्या महायुद्धात फुफ्फुसाला गोळी लागलेली, फार वेळ बोलून शिकवणं जमेना. त्यानं १९२४ साली वर्गात छोटं छापखान्याचं यंत्र आणलं, पोरं स्वतःचं लिहिलेलं स्वतः अक्षरांचे खिळे जुळवून छापायची आणि ते पोस्टानं लांबच्या दुसऱ्या शाळेला जायचं, तिकडच्या पोरांचं इकडं यायचं. शंभर वर्षांपूर्वी!

आमची वहिनी कोरेगाव तालुक्यात झेडपीच्या शाळेत आहे. आपल्याकडचे तंत्रस्नेही शिक्षक ब्लॉगच्या बाबतीत अजिबात मागं नाहीत, जीआर, चाचण्या, कविता, पाढे, सगळं त्यांच्या ब्लॉगवर मिळतं आणि राज्यभरातले शिक्षक ते वापरतात. आणि कुमठे बीटच्या (बीट म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) शाळांत पोरं कशी शिकतात ते बघायला महाराष्ट्रातून शिक्षक साताऱ्यातच तर येत होते. फक्त त्या ब्लॉगवर पोरांचा आवाज फारसा नाही.

वहिनी म्हणाली, "ताई, अहो ऑनलाइन माहित्या भरता भरता आमची दुपार जाते, टायपिंग कधी करायचं?" तिचं बरोबरच आहे. म्हणून आम्ही बसून सोपं केलं. अख्ख्या वर्गाचा एकच ब्लॉग, पोरानं वहीत लिहायचं, बाईंनी मोबाईलवर पानाचा फोटो काढून टाकायचा, टायपिंग नाहीच, पोराचं अक्षर पण तसंच दिसतं. दर आठवड्याला पाळीपाळीनं दोन-तीन पोरं. चेहऱ्याचे फोटो नाहीत, आडनाव नाही, गावाचा पत्ता नाही, आणि पालकांची लेखी परवानगी आधी घ्यायचीच, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितलीय. हे कंटाळवाणं वाटतं पण यात ढिलाई नको.

आणि वाचक? तिथं वहिनीलाच सुचलं, जोडीची शाळा घ्यायची. एक जावळी खोऱ्यातली, एक सांगलीच्या जत भागातली. जावळीत पावसाळ्यात आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही आणि जतच्या पोरांनी टँकर बघितलेत. या दोघांनी एकमेकांना पाण्याबद्दल प्रश्न विचारले तर काय काय लिहून येईल, विचार करा! परिसर अभ्यासाचा धडा त्यापुढं काहीच नाही.

जावळीतल्या एका गुरुजींशी वहिनीचं बोलणं झालंय, पुढच्या आठवड्यात पालकसभेत परवानगीचे कागद वाटणारेत. जतकडची शाळा अजून मिळालेली नाही. तुमच्यापैकी कुणी तिकडं शिक्षक असेल, किंवा कुणाची बहीण, मेव्हणे, मित्र असतील, तर मला कळवा, मोबाईल एक पुरतो आणि मराठी तिसरी-चौथीचा वर्ग असला तरी चालेल.