लाल फुली म्हणजे खिडकी बंद

हायवेवर प्रत्येक लेनच्या वर, कमानीला लावतात ते सिग्नल ड्रायव्हरांना कितपत समजतात, हे विचारत फिरायचं काम आमच्याकडे आलं होतं. लाल फुली म्हणजे लेन बंद. खाली टोक असलेला हिरवा बाण म्हणजे चालू. तिरका पिवळा बाण म्हणजे ही लेन पुढे बंद होतेय, बाणाच्या दिशेनं सरका. रस्त्यावरच्या चिन्हांसाठी देशादेशांत 1968 साली झालेल्या व्हिएन्ना करारातली ही चिन्हं आहेत. अमेरिकेत पिवळ्या बाणाऐवजी पिवळी फुली असते.

बडोद्याच्या बाहेर, मुंबईकडे जाताना लागणाऱ्या एका ढाब्यावर मी चित्रांची कार्डं घेऊन उभी होते. कार्ड तीन सेकंद दाखवायचं आणि पालथं घालायचं. ताशी 100 किमी वेगानं तेवढ्यात गाडी 80 मीटरच्या वर गेलेली असते.

धुळ्याच्या पासिंगचा ट्रक दिसला म्हणून गुजराती सोडून मराठीत विचारलं.

"ताई, लाल फुली म्हणजे खिडकी बंद. बाजूच्या लाइनीत घुसायचं."

"आणि दादा, टोल नसेल तर? मोकळ्या रस्त्यावर अशी फुली दिसली तर?"

"मग सिग्नल बिघडलाय."

मला हे उत्तर फार लागलं, कारण त्यांचं बरोबर होतं. त्यांनी ही फुली आजवर टोलनाक्यावरच पाहिलेली. तिथंही कितीदा वर फुली लाल असते आणि खालचा माणूस हात करून गाडी आत घेतो. अशा फुलीवर कोण विश्वास ठेवील?

पिवळ्याची तर उलटीच गत. कारवाले बेधडक सांगत, "लाल व्हायच्या आत निघायचं." चौकातली सवय. म्हणजे जिथं सरकायला हवं, तिथंच हे वेग वाढवणार! काहींना तो फाट्याचा बाण वाटला.

दुपारी मी सुटी कार्डं ठेवून दिली आणि अख्ख्या कमानीचं चित्र काढलं: डावीकडे दोन हिरवे बाण, उजवीकडे फुली. त्याच दादांना दाखवलं. क्षणात म्हणाले, "उजवीकडं पुढं काहीतरी आडवं पडलंय." शेजारचे हिरवे बाण दिसले की फुलीचा अर्थ लागतो. एकेकटं चिन्ह विचारण्याची आमची पद्धतच माणसांना अडाणी ठरवत होती, असं माझं ठाम मत झालं.

चहा संपवून दादा उठले. "समजलं सगळं. पण गाडी भरलेली, ब्रेक लवकर लागत नाही, आणि डावीकडचे आत घेतच नाहीत. मग काय, फुलीखालीच उभा राहू?"

फॉर्मवर या प्रश्नाला जागा नव्हती. मी तो मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतला. पिवळा बाण आधीच्या दोन-तीन कमानींपासूनच द्यावा, सोबत "लेन पुढे बंद" असं गुजराती आणि हिंदीत लिहावं, आणि रस्ता मोकळा झाल्याबरोबर फुली काढावी, एवढं अहवालाच्या पहिल्याच पानावर घातलं.