हावेलिनाची शिकार आणि कमरेचे रिव्हॉल्व्हर : दक्षिण ॲरिझोनातील एका फेरीचा वृत्तांत

दक्षिण ॲरिझोनात फेब्रुवारी महिन्यात हावेलिना या रानडुकरासारख्या प्राण्याच्या शिकारीचा एक हंगाम असा असतो, की त्यात रायफल चालत नाही. हातबंदूक, धनुष्यबाण किंवा ठासणीची बंदूक एवढीच हत्यारे घेऊन जाता येते, आणि तिन्ही हत्यारांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या हंगामाला ‘हॅम’ म्हणतात. कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर दिलेल्या ठासणीच्या बंदुका ज्यांनी लहानपणी खुंटीवर टांगलेल्या पाहिल्या आहेत, त्यांना ते हत्यार इथे अजून मानाने वापरात असल्याचे पाहून बरे वाटेल. आम्ही मात्र हातबंदूक निवडली होती. फिनिक्समध्ये राहणारा मी, माझा सांगलीकर मित्र आणि या डोंगरांत तरुणपणापासून शिकार करत आलेले आमचे एक ज्येष्ठ ॲरिझोनावासी शेजारी, असे आम्ही तिघे अरिवाका गावाजवळच्या टेकड्यांत गेलो होतो. भारतात १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यामुळे अशा शिकारीचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे पुढचे सारे अमेरिकेत राहणाऱ्या आणि या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांसाठी आहे.

हावेलिना दिसायला रानडुकरासारखा असला तरी तो खरा डुक्कर नव्हे, त्याचे कुळ वेगळे आहे. त्याची नजर अधू आणि नाक तीक्ष्ण असते, त्यामुळे वारा तोंडावर घेऊन चालले तर चाळीस-पन्नास पावलांपर्यंत पोहोचता येते, आणि हातबंदुकीने जबाबदारीने बार टाकायचा तर तेवढ्या जवळ पोहोचणे भागच असते. तिथवर पोहोचेपर्यंत तासन्‌तास दगडगोटे, काटेरी निवडुंग आणि कोरडे ओढे तुडवावे लागतात. म्हणजे बंदूक हातात असते ती काही मिनिटे, आणि उरलेला सारा दिवस ती अंगावर वागवायची असते. रायफलीची नळी लांब असते, ती कुणाकडे वळली हे बरोबरच्या माणसाला लगेच दिसते आणि तो ओरडू शकतो. रिव्हॉल्व्हरची साडेसात इंचांची नळी मनगटाच्या एका झटक्यात अर्धे वर्तुळ फिरते, आणि होल्स्टरमध्ये, म्हणजे बंदुकीच्या म्यानात, गेली की ती अंगावर आहे याचाच विसर पडतो. नेमबाजीचा सराव बहुतेक जण करतात. बंदूक बाळगण्याचा सराव फार थोडे करतात, आणि माझ्या मते नवख्याने आधी तोच करावा.

निघण्यापूर्वीच्या कागदपत्रांबद्दल थोडक्यात, पण हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला संघराज्याच्या कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्याची मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. माझा मित्र याच गटात मोडतो, म्हणून त्याने आधी परवाना काढला, वकिलाला विचारून घेतले आणि त्यानंतरच उसन्या रिव्हॉल्व्हरला हात लावला. ग्रीन कार्डधारकांना हा अडथळा नाही. हावेलिनाचा टॅग, म्हणजे तो प्राणी मारण्याची परवानगी, सोडतीने मिळतो आणि वसंतातल्या हंगामाचे अर्ज आदल्या शरद ऋतूतच भरावे लागतात, त्यामुळे जानेवारीत जाग येणाऱ्यांनी पुढच्या वर्षाची तयारी करावी.

फिनिक्सहून टूसॉनपर्यंत आंतरराज्य १० आणि पुढे दक्षिणेला आंतरराज्य १९ असा रस्ता आहे. या दुसऱ्या रस्त्यावर अंतराच्या पाट्या चक्क किलोमीटरमध्ये आहेत आणि त्या वाचताना आपल्याकडची माणसे उगाच खूश होतात. आमाडोला महामार्ग सोडला की वळणावळणाचा रस्ता अरिवाकाला नेतो. गाडीत बंदुका रिकाम्या, कुलूपबंद पेटीत आणि काडतुसे वेगळ्या डब्यात, अशी आमची व्यवस्था होती. ॲरिझोनाचा कायदा याबाबत बराच सैल असला तरी शेजारच्या कॅलिफोर्नियाचा तसा नाही. तिथून येणाऱ्यांनी हातबंदूक रिकामी करून कुलूपबंद पेटीतच ठेवावी, आणि पुढच्या सीटसमोरचा कप्पा कुलपाचा असला तरी त्याला अशी पेटी समजू नये.

आता होल्स्टरविषयी, कारण सगळी भिस्त त्याच्यावर आहे. चाप आणि त्याभोवतीचे कडे पूर्ण झाकले जाईल असे, त्याच मॉडेलच्या मापाचे आणि वर बंद असलेले होल्स्टर हवे. कमरेच्या पट्ट्याला खोचलेली किंवा पाठपिशवीच्या कप्प्यात टाकलेली बंदूक ही शिकारीची बंदूकच नव्हे. सध्या छातीवर तिरके बसणारे होल्स्टर लोकप्रिय आहे आणि अस्वलांच्या मुलुखात ते सोयीचेही असेल, पण हावेलिनाची शिकार मुख्यतः दुर्बिणीने होते आणि दुर्बिणीचा पट्टाही नेमका छातीवरच असतो. दोन्ही एकावर एक बांधले की घाईत हात भलत्याच बंदाला लागतो. शिवाय त्या होल्स्टरमध्ये नळी डाव्या बाजूला खाली रोखलेली असते, त्यामुळे उतारावर मांडी घालून बसले की ती स्वतःच्या मांडीवर आणि डाव्या अंगाला बसलेल्या सोबत्यावर येते. काखेतले आडवे होल्स्टर तर मला अजिबात मान्य नाही, कारण त्यात नळी दिवसभर मागून येणाऱ्याच्या पोटाकडे पाहत असते. आम्ही तिघांनीही पाठपिशवीचा कंबरपट्टा काढून टाकला, जाड चामड्याच्या वेगळ्या पट्ट्यावर उजव्या कमरेला खोल होल्स्टर लावले आणि ते घोट्याच्या दिशेने सरळ खाली राहील अशी मांडीला दोरी बांधली. ज्यांना पिशवीचा कंबरपट्टा सोडवत नाही त्यांनी डाव्या बाजूला पुढे, उजव्या हाताने काढता येईल असे होल्स्टर लावून पाहावे. मात्र घरी रिकाम्या बंदुकीने बसून, उठून आणि वाकून पाहावे आणि प्रत्येक वेळी नळी कुठे जाते हे दुसऱ्याला बघायला सांगावे.

जॅकेटच्या खालच्या कडेला घट्ट करण्यासाठी जी दोरी आणि प्लॅस्टिकचा खटका असतो, तो शिकारीला जाण्यापूर्वी कापून टाकावा. बंदूक होल्स्टरमध्ये परत ठेवताना हा खटका किंवा शर्टाचे टोक चापाच्या कड्यात अडकते, आणि वरून दाब देणारा हात समजतो की होल्स्टर घट्ट आहे. अर्धस्वयंचलित पिस्तुलात, विशेषतः ज्यात वेगळा सुरक्षा खटका नसतो त्यात, बार उडायला एवढे पुरेसे होते. काढताना घाई समजण्यासारखी आहे, पण परत ठेवताना घाईचे कारणच नसते. थांबावे, कपडा बाजूला धरावा, होल्स्टरच्या तोंडाकडे डोळ्यांनी पाहावे आणि मगच बंदूक आत सरकवावी.

भरलेली बंदूक कधीपासून बाळगायची, हा निर्णय आम्ही गाडीपाशीच केला होता. वाट चढून टेहळणीच्या जागी पोहोचेपर्यंत तिन्ही रिव्हॉल्व्हर रिकामी असतील, आणि कळप दिसून त्याच्या मागावर निघायचे ठरले की भरायची. ॲरिझोनातले अनुभवी शिकारी आम्हाला जरा हसले असते, पण उभ्या दगडी चढावर भरलेली बंदूक नेल्याने हावेलिना अधिक जवळ येत नाही.

शेजाऱ्यांकडे वडिलांकडून आलेले रूगर कंपनीचे जुने ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हर होते, आणि त्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. १९७३ पासून त्या कंपनीच्या एकेरी क्रियेच्या (प्रत्येक बारापूर्वी घोडा अंगठ्याने ओढावा लागणाऱ्या) रिव्हॉल्व्हरमध्ये एक पट्टी आली, जी चाप दाबून ठेवल्याशिवाय घोड्याचा, म्हणजे मागच्या हातोडीचा, आघात काडतुसापर्यंत पोहोचू देत नाही. त्यापूर्वीच्या, फ्रेमच्या बाजूला तीन स्क्रू दिसणाऱ्या बंदुकांत ही पट्टी नाही. घोडा काडतुसावर टेकलेला असताना बंदूक दगडावर आपटली तर बार उडू शकतो. म्हणून शेजाऱ्यांच्या बंदुकीच्या फिरत्या चक्रात सहा घरे असली तरी काडतुसे पाचच असत. भरण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी होती : घोडा अर्धा ओढायचा, एक काडतूस भरायचे, पुढचे घर सोडायचे, त्यानंतर सलग चार भरायची, घोडा पूर्ण ओढायचा आणि अंगठ्याने सावकाश खाली सोडायचा. हिशेब बरोबर असेल तर घोडा रिकाम्या घरावर येतो, आणि तो बरोबर आहे का हे ते बाजूने चक्राच्या फटीतून उजेड पाहून तपासत. अशा जुन्या बंदुकांना नवी पट्टी कंपनी विनामूल्य बसवून देते. ज्यांना वारसा जसाच्या तसा ठेवायचा आहे त्यांनी मात्र पाच काडतुसांवर समाधान मानावे.

पहिल्या सकाळी थंडी कडक होती. अशा वेळी हावेलिना उशिरा हलतात आणि पूर्वेकडच्या व दक्षिणेकडच्या उतारांवर ऊन खात बसतात, म्हणून आम्ही समोरच्या टेकडीवरून तेच उतार न्याहाळत होतो. पश्चिमेला तोहोनो ओओधाम या मूळनिवासी लोकांना पवित्र असलेले बाबोकिवारीचे ७,७३० फुटी शिखर उन्हात आले होते. नऊच्या सुमारास निवडुंगांच्या जाळीत करडे ठिपके हलले. ओढ्यातून वळसा घालून आम्ही जवळ गेलो. मित्राने रिव्हॉल्व्हर दोन काठ्यांच्या घोडीवर टेकवले आणि घोडा ओढला, आणि नेमके त्याच वेळी वारा फिरला. कळप फुटला.

इथे दोन गोष्टी एकदम घडतात आणि दोन्हींची तयारी आधी हवी. पहिली अशी, की अधू नजरेचे हे प्राणी पळताना दिशा धरत नाहीत, एखादा सरळ तुमच्याच अंगावर येतो आणि लोक म्हणतात त्याने हल्ला केला. त्याच्यामागे नळी फिरवली की ती सोबत्यावर जाते. आमचे आधीच ठरले होते, की नेम धरणारा सर्वांच्या पुढे, बाकीचे दोघे त्याच्या खांद्यामागे एका बाजूला, आणि पळत्या प्राण्यावर बार टाकायचाच नाही. दुसरी गोष्ट म्हणजे हातात ओढलेल्या घोड्याची भरलेली बंदूक उरते आणि छाती धडधडत असते. मित्राने काही करण्यापूर्वी शेजारी हलकेच म्हणाले, “नळी जमिनीकडे. बोट बाहेर. आता श्वास घे.” मग त्याने समोरच्या मऊ मातीकडे नळी धरली, डाव्या हाताचा अंगठा घोडा आणि फ्रेम यांच्यामध्ये घातला, उजव्या अंगठ्याने घोडा घट्ट पकडून चाप दाबला, आणि घोडा किंचित हलताच चापावरचे बोट काढून घेऊन मग तो पूर्ण खाली सोडला. ज्या रिव्हॉल्व्हरमध्ये वर सांगितलेली पट्टी आहे, त्यात चाप सोडला की ती खाली जाते, त्यामुळे अंगठा निसटला तरी बार उडत नाही. ही कृती घरी रिकाम्या बंदुकीवर इतकी घटवावी, की थंडीने बोटे बधिर झाली तरी ती चुकू नये.

हवेचा आणि भूभागाचा त्रास लहानसहान प्रसंगांतून होतो. काटेरी तारेचे कुंपण आले की बंदूक रिकामी करूनच वाकावे, कारण तार होल्स्टरच्या बंदात अडकते. चोया निवडुंगाची बोंडे हाताला चिकटतात, त्यासाठी साधा कंगवा खिशात ठेवावा आणि बंदूक बाहेर असताना बोंड काढत बसू नये. निसर्गविधीला जाताना पट्टा सैल झाला की होल्स्टर उलटे होते. म्हणून आधी बंदूक रिकामी करून सोबत्याच्या हाती द्यावी. लाजण्याचे कारण नाही. बंदूक हातातून सुटली तर ती झेलायला जाऊ नये, कारण आधुनिक रिव्हॉल्व्हर आपटल्याने बार उडत नाही, झेलणारे बोट मात्र चापावर पडते. पडल्यावर ती रिकामी करावी, चक्र काढून नळीतून आरपार उजेड दिसतो का पाहावे, आणि वाळू किंवा माती दिसली तर साफ केल्याशिवाय भरू नये.

नंतरच्या सकाळी शेजाऱ्यांना वारा साथ देणारा कळप मिळाला. बार टाकण्यापूर्वी तिघांनीही कानांवर संरक्षक चढवले, कारण पॉइंट ४४ मॅग्नम काडतुसाचा आवाज उघड्या मैदानातही कानाला कायमची इजा करतो. त्याशिवाय शेजाऱ्यांनी मित्राचा डावा हात चक्राच्या रेषेतून मागे ओढला. चक्र आणि नळी यांच्यामधल्या फटीतून तप्त वायू बाजूला फेकला जातो, हे नवख्याला दिसत नाही आणि आधार देणारे बोट नेमके तिथेच जाते. हावेलिना जागीच पडला. त्याच्या पाठीवर मागच्या बाजूला वासाची ग्रंथी असते, तिला स्पर्श न करता कातडे काढावे लागते, आणि त्या कामाला बसण्यापूर्वी तिन्ही बंदुका रिकाम्या करून एका दगडावर, नळ्या आमच्यापासून लांब, ठेवल्या होत्या. रक्ताळलेल्या निसरड्या हाताने भरलेल्या बंदुकीचा पट्टा सावरणे हे या साऱ्या प्रवासातले सर्वांत वाईट काम ठरले असते.

परतताना अरिवाका रस्त्यावर सीमा गस्ती दलाची चौकी लागते. काच खाली करावी, हात स्टीअरिंगवर ठेवावेत, विचारल्यास बंदुका मागे कुलपात रिकाम्या आहेत असे सरळ सांगावे. जवळ लपवलेले हत्यार आहे का, असे ॲरिझोनाच्या पोलिसाने विचारले तर खरे उत्तर देणे कायद्यानेच बंधनकारक आहे. विमानाने येणाऱ्यांनी बंदूक रिकामी करून कठीण आवरणाच्या कुलूपबंद पेटीत, फक्त चेक-इन सामानात न्यावी आणि काउंटरवर स्वतः होऊन जाहीर करावी. किल्ली स्वतःजवळ ठेवावी, काडतुसे त्यांच्या मूळ खोक्यात ठेवावीत आणि वजनाची मर्यादा आपल्या विमान कंपनीकडे विचारून घ्यावी. घरी पोहोचल्यावर रिव्हॉल्व्हर चामड्याच्या होल्स्टरमध्ये तसेच ठेवून झोपी जाऊ नये. घामाने ओले झालेले चामडे धातूला एका आठवड्यात गंजवते, म्हणून बंदूक पुसून, तेल लावून तिजोरीत ठेवावी, आणि होल्स्टर वेगळे, सावलीत, तोंड खाली करून वाळत टाकावे.