तोळ्याला बारा ग्रेन कमी

आईला फोनवर सांगितलं की बुलेट घेतल्या, शंभरचा बॉक्स, तर म्हणाली एवढ्या गाड्या लावणार कुठे? चूक तिची नाही, आपल्याकडे बुलेट म्हणजे फटफटी आणि गोळी म्हणजे डोकेदुखीची. मग समजावलं की अगं काडतूस असतं ना त्याचं फक्त पुढचं टोक, बाकी पितळी केस, प्रायमर (ठिणगी पाडणारी टोपी), बंदुकीची दारू सगळं वेगवेगळं आणून मी इथे ओहायोत गराजमध्ये स्वतः भरतो, रविवारी रेंजवर कागदाला भोकं पाडायला. "तयार मिळत नाहीत का?" मिळतात की. लाडूपण मिळतात.

पण खरा वेळ भरण्यात जातच नाही, कुठली गोळी घ्यायची यात जातो. माझ्या .३०८ रायफलला सध्या सिएरा कंपनीची १६८ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीचं वजन मोजायचं माप) मॅचकिंग गोळी मानवलीय. जवळून बघितली तर टोकाला अगदी बारीक भोक दिसतं. नवख्याला वाटतं काहीतरी घातक भानगड असणार, तसं काही नाही. तांब्याच्या पातळ वाटीत वरून शिसं भरतात आणि तोंड आवळत नेतात, थेट उकडीचा मोदक, शेंड्याला जे मिटायचं राहतं ते भोक. फायदा असा की बूड अखंड राहतं. साध्या लष्करी गोळीचं उलट, टोक बंद आणि बूड उघडं. आणि नेमबाजीत टोकापेक्षा बूड महत्त्वाचं, कारण नळीतून सुटताना मागचा गॅस बुडाला सगळीकडून सारखा लागला पाहिजे, एका बाजूला जरा कोचा असला की संपलं.

हे शहाणपण उशिरा आलं. आधी माझ्याकडे एक जुनी .२२३ रायफल होती, तिच्या नळीतल्या, गोळीला गिरकी देणाऱ्या आट्यांचा फेरा १२ इंचाला एक. मी ऐटीत ७७ ग्रेनच्या गोळ्या आणल्या, जड म्हणजे भारी असा आपला देशी हिशोब. पण जड गोळी लांबही असते, आणि गोळी जितकी लांब तितकी तिला गिरकी जोरात लागते, एवढ्या संथ फेऱ्यात ती सावरतच नाही. शंभर यार्डावर जाऊन बघतो तर कागदावर गोल भोकं नाहीतच, गोळ्या आडव्या पडून घुसलेल्या, आणि दोन तर कागदावरच नाहीत. शेजारच्या म्हाताऱ्याने मान हलवली, बोलला काही नाही. ते जास्त लागलं.

आता तीन जातींचे छोटे बॉक्स आणतो, पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप मारून भोकं किती जवळ पडतात ते बघतो, रायफल ज्याला हो म्हणेल ते एकाच लॉटचे पाचशे घेऊन टाकतो. मग वजन. ही सवय घरातली, आजोबांचं सराफीचं दुकान होतं. ९६ गुंजांचा तोळा, आणि इंग्रजांनी तो बरोबर १८० ग्रेनचा ठरवलेला, चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा (हल्ली सराफ १० ग्रॅमलाच तोळा म्हणून मोकळे होतात ते सोडा). म्हणजे एक गुंज दोन ग्रेनपेक्षा थोडी कमी, आणि माझा काटा दाखवतो ग्रेनचा दहावा भाग. आजोबा बघत असते तर खुर्ची ओढून बसले असते.

खरं सांगायचं तर वजनातला एवढासा फरक ३०० यार्डावर मला तरी कळत नाही, त्यापेक्षा बुडापासून खांद्याच्या गोलाईपर्यंतची लांबी मोजून जोड्या लावल्या तर जास्त उपयोग होतो, आणि त्याहून जास्त उपयोग वारा वाचायला शिकलो तर होईल. पण वारा गराजमध्ये मिळत नाही, काटा मिळतो, म्हणून रात्री अकरा वाजता मी एकेक गोळी चिमटीत धरून ठेवतोय, १६८.०, १६८.१, १६७.९ ही बाजूला.

परवा व्हिडिओ कॉलवर आईने हे बघितलं. "वजन किती रे एकाचं?"

"जुन्या तोळ्याला १२ ग्रेन कमी."

"सोन्याचं आहे?"

"तांबं. आत शिसं."

"मग झोप की."