पेल ग्रँटचा दुसरा हप्ता आणि ३६० वा तास

वहिनींच्या फ्रिजवर सहा महिने एक कागद चिकटवलेला होता. आमच्या घरी दुधाच्या रतिबाचा हिशेब ठेवत तसाच तो दिसे. डावीकडे तारीख, मध्ये त्या दिवशी भरलेले तास, उजवीकडे एकूण बेरीज आणि खाडा झाला की लाल पेनाने फुली. वहिनी न्यू जर्सीतल्या एका संस्थेत मेडिकल असिस्टंटचा अभ्यासक्रम करत होत्या आणि त्यांच्या फीचा मोठा भाग पेल ग्रँटमधून भरला जाणार होता. तो पैसा नेमका केव्हा आणि कशाच्या आधारावर मिळतो, हे आम्हाला सुरुवातीला कोणी नीट सांगितले नाही. इकडच्या अनेक मराठी घरांत हाच गोंधळ मी पाहिला आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पेल ग्रँट हे अमेरिकेच्या केंद्र सरकारचे परत न करायचे शैक्षणिक अनुदान आहे. १९७२ साली ते वेगळ्या नावाने सुरू झाले आणि १९८० मध्ये ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबोर्न पेल यांचे नाव त्याला देण्यात आले. २०२५-२६ या वर्षासाठी त्याची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर आहे. अर्ज फॅफ्सा या फॉर्मवर करायचा असतो आणि त्यात दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न धरले जाते, म्हणजे २०२५-२६ साठी २०२३ चे. विवाहित विद्यार्थ्याच्या बाबतीत आईवडिलांचे उत्पन्न विचारात घेत नाहीत. माझा भाऊ गोदामात काम करतो आणि घरात चार माणसे आहेत, त्यामुळे वहिनींना पूर्ण रक्कम मंजूर झाली.

पात्रतेच्या दोन अटी आपल्या लोकांनी आधी तपासाव्यात. ग्रीन कार्ड असेल तर अर्ज करता येतो, परंतु एच-४ (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांचा) किंवा एफ-१ (विद्यार्थ्यांचा) व्हिसावर असलेल्यांना हे अनुदान मिळत नाही. दुसरी अट पदवीची आहे. ज्याच्याकडे आधीच पदवी आहे त्याला पेल ग्रँट मिळत नाही आणि परदेशी पदवीलाही हा नियम सहसा लागू होतो. भारतातली तीन वर्षांची पदवी अमेरिकेतल्या पदवीच्या तोडीची नाही, असे कागदपत्रांनिशी दाखवता आले तर संस्था वेगळा निर्णय घेऊ शकते, परंतु फॉर्मवर पदवी लपवणे हा त्यावरचा मार्ग नव्हे. वहिनींचे शिक्षण लग्नामुळे बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला थांबले होते, आणि ज्याची खंत त्यांना इतकी वर्षे होती, त्याच गोष्टीमुळे त्या इथे पात्र ठरल्या.

प्रवेशाच्या दिवशी तिथल्या कर्मचाऱ्याने "तुम्हाला ७,३९५ मिळतील," असे सांगितले आणि आम्ही तो आकडा धरून बसलो. प्रत्यक्षात व्यवसाय-प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात अनुदान क्लॉक अवरवर, म्हणजे हजर राहून भरलेल्या तासांवर मोजले जाते. नियमाप्रमाणे अशा अभ्यासक्रमाचे पूर्ण शैक्षणिक वर्ष किमान ९०० तासांचे आणि किमान २६ आठवड्यांचे असते. वहिनींचा अभ्यासक्रम ७२० तासांचा आणि २४ आठवड्यांचा होता. तो वर्षाहून लहान असल्यामुळे त्याचे ३६० तास आणि १२ आठवड्यांचे दोन समान भाग पडले. अशा भागाला इथे पेमेंट पिरियड म्हणतात आणि प्रत्येक भागाचा एक हप्ता असतो. हप्ता काढताना तासांचे प्रमाण आणि आठवड्यांचे प्रमाण यांपैकी जे कमी असेल ते धरतात. ३६० भागिले ९०० म्हणजे ०.४, तर १२ भागिले २६ म्हणजे साधारण ०.४६, म्हणून ०.४ धरले गेले. ७,३९५ च्या ०.४ पट म्हणजे २,९५८ डॉलर. असे दोन हप्ते मिळून ५,९१६ डॉलर झाले.

हा पैसा हातात येत नाही, हेही समजून घ्यावे लागले. महाराष्ट्रात महाडीबीटीची सवय असलेल्या माणसाला शिष्यवृत्ती म्हटले की स्वतःचे बँक खाते आठवते. इथे संस्था ती रक्कम आधी तुमच्या फीच्या खात्यात जमा करते. फी वजा जाऊन काही शिल्लक राहिली, तर ती सहसा १४ दिवसांत विद्यार्थ्याला द्यावी लागते, आणि फी कमी असलेल्या ठिकाणी अशी शिल्लक खरोखर राहू शकते. वहिनींची फी ९,६०० डॉलर होती. प्रत्येक अर्ध्या भागाची ४,८०० डॉलर आकारणी होऊन १,८४२ डॉलर दोन्ही वेळा घरातूनच भरावे लागले.

खरी अडचण दुसऱ्या हप्त्याची होती. बारावा आठवडा संपला, तरी हप्ता जमा झाला नाही. उलट दुसऱ्या भागाच्या पूर्ण ४,८०० डॉलरच्या मागणीचे पत्र विलंब शुल्काच्या इशाऱ्यासह घरी आले. वहिनींनी मला फोन केला आणि म्हणाल्या, "भाऊजी, मी तर सगळ्या परीक्षा पास झाले आहे, मग पैसे का अडवले?" मी त्यांना फ्रिजवरच्या कागदाची बेरीज वाचायला सांगितली. ती ३३४ होती. धाकटीच्या तापात ६ तासांचे चार दिवस बुडाले होते आणि बर्फामुळे एके दिवशी दोन तास उशीर झाला होता, असे २६ तास कमी पडत होते. दुसरा हप्ता सुटण्यासाठी पहिल्या भागाचे तास आणि आठवडे ही दोन्ही परिमाणे यशस्वीपणे पूर्ण व्हावी लागतात, नुसते कॅलेंडर पुढे सरकून चालत नाही. उलट बाजूनेही तसेच आहे. शनिवारी जादा बसून कोणी ३६० तास लवकर भरले, तरी बारा आठवडे होईपर्यंत त्याला थांबावेच लागते.

नियमात थोडी सवलत आहे. संस्थेच्या लेखी धोरणात मंजूर गैरहजेरीची तरतूद असेल, तर पेमेंट पिरियडच्या जास्तीत जास्त १० टक्के तासांची गैरहजेरी, म्हणजे इथे ३६ तास, भरलेल्या तासांत धरता येते. मात्र मान्यता देणाऱ्या मंडळाची किंवा राज्याची मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच लागू होते. वहिनींच्या संस्थेत अशी तरतूदच नव्हती, म्हणून प्रत्येक खाडा पूर्ण भरून काढावा लागला. प्रवेश घेण्यापूर्वी फीच्या आकड्याबरोबर हे धोरण वाचायला मागितले असते, तर निदान धक्का तरी बसला नसता.

त्या रात्री वहिनींच्या मनात अभ्यासक्रम सोडून देण्याचा विचार आला होता, म्हणून त्याचाही हिशेब मी त्यांच्यासमोर मांडला. मध्येच सोडणाऱ्याचे अनुदान त्या पेमेंट पिरियडमधल्या नियोजित तासांच्या प्रमाणात "कमावलेले" धरतात. सहाव्या आठवड्याच्या शेवटी, १८० तासांवर, त्यांनी सोडले असते, तर २,९५८ पैकी १,४७९ डॉलरच त्यांचे ठरले असते. उरलेली रक्कम सरकारकडे परत गेली असती आणि संस्थेच्या परतावा धोरणाप्रमाणे जी फी शिल्लक राहिली असती, तिचे बिल वहिनींच्या नावावर आले असते. ६० टक्क्यांची रेषा ओलांडल्यावर त्या भागाचा हप्ता पूर्ण कमावलेला मानतात. पहिला भाग त्यांनी केव्हाच कमावला होता, हे आकड्यांत पाहिल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

एक गोष्ट लहान अभ्यासक्रम निवडणाऱ्यांसाठी सांगतो. अशा संस्थांमधल्या अभ्यासक्रमांना आजवर पेलसाठी सर्वसाधारणपणे किमान ६०० तास आणि १५ आठवड्यांची अट होती. २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून १५० ते ५९९ तासांच्या, ८ ते १५ आठवड्यांच्या आतल्या अभ्यासक्रमांनाही दार उघडले आहे. मात्र त्यासाठी राज्याच्या गव्हर्नरची मान्यता हवी, आणि अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे व नोकरी लागणाऱ्यांचे प्रमाण प्रत्येकी किमान ७० टक्के असावे लागते. जाहिरातीत पेलचे नाव दिसले, तरी तो विशिष्ट अभ्यासक्रम मान्य झाला आहे का, हे संस्थेच्या फायनान्शियल एड ऑफिसकडून, म्हणजे अनुदानाचे काम पाहणाऱ्या कार्यालयाकडून, लेखी घ्यावे.

तेराव्या आठवड्यात वहिनींनी एकही तास चुकवला नाही. गुरुवारी संध्याकाळी बेरीज ३५८ झाली. शुक्रवारी नऊला वर्ग सुरू झाला, रक्तदाब मोजण्याचे प्रात्यक्षिक चालू असताना अकरा वाजले आणि ३६० वा तास भरला. पुढच्या बुधवारी २,९५८ डॉलर फीच्या खात्यात जमा झाल्याची नोंद आली आणि विलंब शुल्काचा इशाराही मागे घेण्यात आला. त्या शुक्रवारचे उरलेले ४ तास वहिनींनी नव्या कागदाच्या पहिल्या ओळीत लिहिले होते.