पामचं हॉटसिंक आणि दुप्पट झालेले पत्ते

पाम म्हणजे पत्ते-तारखा ठेवायचा खिशातला छोटा संगणक, आणि हॉटसिंक म्हणजे त्यातल्या नोंदी पीसीवरच्या नोंदींशी जुळवणं. पाम क्रेडलमध्ये (पीसीला जोडलेल्या स्टँडमध्ये) ठेवायचा, बटण दाबायचं, झालं, असं वाटतं. जोडणीपुरतं हे खरंही आहे. जुन्या सिरियल क्रेडलला पीसीचा कॉम (सिरियल) पोर्ट मोकळा लागतो. पीसीवरचा हॉटसिंक मॅनेजर हा प्रोग्राम चालू आहे तोवर तो पोर्ट अडवून बसतो आणि त्याच पोर्टवरचा मोडेम गप्प होतो. यूएसबी असेल तर मॅनेजरच्या मेनूत 'लोकल यूएसबी'वर टिक हवी. इथवर कुणी अडत नाही.

माझं डोकं उठवलं ते पत्त्यांनी. हार्ड रिसेटनंतर (म्हणजे पाम पूर्ण रिकामा केल्यावर) सिंक, आणि यादीत प्रत्येक माणूस दोनदा! कारण कळायला फार वेळ गेला, म्हणून तेच आधी सांगतो. पाममधल्या प्रत्येक नोंदीला स्वतःचा २४ बिटांचा क्रमांक असतो. सिंक करताना नाव-फोन नाही, हा क्रमांक जुळवला जातो. त्याला लागून एक बाइट: चार बिटांत 'बदललं', 'खोडलं', 'खासगी' वगैरे खुणा, चार बिटांत कॅटेगरी. ('अनफाइल्ड' धरून कॅटेगऱ्या १६च का, याचं उत्तर हेच.) रोजच्या सिंकमध्ये फक्त 'बदललं' खुणेच्या नोंदी हलतात, म्हणून ते झटपट उरकतं. मध्येच ऑफिसच्या मशीनवर सिंक केलं असेल तर घरी आल्यावर सगळ्या नोंदी एकेक करून ताडल्या जातात. वेळ लागतो, पण क्रमांक शाबूत असतील तर दुहेरी काही होत नाही.

क्रमांक जातो तो इम्पोर्टमध्ये. पाम डेस्कटॉप या पीसीवरच्या प्रोग्राममधून काढून ठेवलेली पत्त्यांची एबीए फाइल भरलेल्या यादीवर पुन्हा घेतली, की तिच्यातली प्रत्येक नोंद नवा क्रमांक घेऊन येते आणि जुनी जागची हलत नाही. मी नेमकं हेच केलं होतं, आणि त्याची गरजच नव्हती. रिसेटनंतरच्या पहिल्या सिंकला युजर विचारला जातो. तिथे 'न्यू' न करता जुनं नाव निवडलं की सगळं आपोआप परत येतं. इम्पोर्टला हात लावायचा नाही.

दुहेरीचं आणखी एक कारण: एकच नोंद दोन्हीकडे बदलणं. अशा वेळी एक ठेवून दुसरी खोडायची जोखीम हॉटसिंक घेत नाही, दोन्ही ठेवतं आणि लॉगमध्ये लिहितं. लॉग वाचा. मी कधीच वाचत नव्हतो.

साफसफाई डेस्कटॉपवरच करावी, स्टायलसने नाही. आधी युजरचं अख्खं फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा. यादी आडनावाने लावली की जोड्या शेजारी येतात, पण सगळ्या नाही: साध्या पाममध्ये देवनागरी नाही, आणि रोमनमध्ये 'पाटील' एकदा एका 'आय'ने, एकदा दोन 'ई'ने लिहिलेला असतो. खोडण्याआधी टिपण कोणत्या प्रतीत आहे ते बघा. मग मॅनेजरमध्ये 'कस्टम', ॲड्रेस बुकचं कॉन्ड्यूट (त्या यादीचं सिंक करणारा भाग), 'चेंज', आणि 'डेस्कटॉप ओव्हरराइट्स हँडहेल्ड'. 'सेट ॲज डिफॉल्ट'वर टिक करू नका. मग हा हुकूम पुढच्या एकाच सिंकपुरता राहतो. टिक राहिली, तर रस्त्यात पामवर टिपलेला प्रत्येक नंबर घरी आल्यावर पुसला जाईल. उलटी दिशा, म्हणजे 'हँडहेल्ड ओव्हरराइट्स डेस्कटॉप', रिकाम्या पामवर निवडली तर डेस्कटॉपही रिकामा. त्या खिडकीत ओके करण्याआधी मी अजूनही बाणाची दिशा दोनदा बघतो.

काम झालं का, ते पामवर 'ॲप' मेनूतल्या 'इन्फो'मध्ये जाऊन 'रेकॉर्ड्स'वर बघा. ॲड्रेसचा आकडा निम्म्यावर आला म्हणजे सुटलो.

हे आधीच सांगायला हवं होतं: घरात दोन पाम असतील तर दोघांना एकच युजर नाव देऊ नका, याद्यांची खिचडी होते. आणि डेटबुकची, म्हणजे पामच्या कॅलेंडरची, वर्षं १९०४ पासून सात बिटांत मोजली जातात, म्हणून वाढदिवसाला 'शेवट नाही' असं लावलं तरी तो २०३१ च्या पुढे जात नाही.