पिंपातली अंडी

आमच्या घरात अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. इंदूरला येऊन आमची चौथी पिढी, पण पणजोबांचा हा नियम अजून टिकून आहे. अंडी खायचीच तर छप्पन दुकान या खाऊगल्लीत जाऊन बेंजो, म्हणजे ऑम्लेट घातलेला पाव खावा, नाहीतर परसात स्टोव्ह मांडावा. त्याचं पातेलंही वेगळं, नळापाशी उपडं पडलेलं असतं. त्यामुळे परसात धुरावर अंडी शिजवायचं पिंप बसवतो म्हटल्यावर घरात कुणी हरकत घेतली नाही. मासे-मटणाची माझीही हिंमत नव्हती, अंड्यांपुरतंच ठरलं.

आधी माळ्यावरची गव्हाची जुनी कोठी काढली. वेल्डरने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि परत दिली. पत्र्यावर जस्ताचा मुलामा आहे, आत विस्तव पेटवलात तर त्याची वाफ छातीत जाईल, म्हणाला. मग साध्या लोखंडी पत्र्याचं पिंप आणलं. खाली हवेची झडप, झाकणाला धुरासाठी भोक, मधे स्टीलच्या दोन जाळ्या आणि ओव्हनचा तापमापक. रंग जळून जावा म्हणून पहिल्या दिवशी रिकामंच दोन तास पेटवलं.

पुढच्या रविवारी डझनभर अंडी परसातल्या फ्रिजमधून काढली ती थेट जाळीवर. खाली छाटलेल्या आंब्याच्या फांद्या, जरा ओलसरच. झाकण लावलं आणि दहा मिनिटांत सगळी गल्ली पांढरी झाली. कुंपणापलीकडून आवाज आला, "भिया, कचरा जला रिये हो क्या?" २०१७ मध्ये स्वच्छतेत देशात पहिला नंबर आला तेव्हापासून आमच्या शहरात चार पानं पेटवणं म्हणजे गुन्हाच. मी त्यांना झाकण उघडून अंडी दाखवली. त्याने त्यांचा संशय वाढलाच.

त्यातली चार फुटली. बाकीच्यांवर वार्निश मारल्यासारखे तपकिरी ओघळ, आणि आत जी कडू चव गेली होती ती संध्याकाळच्या चहापर्यंत जिभेवर राहिली.

आई मागच्या दारात नाकाला पदर लावून बसली होती. ती अंड्याला हातही लावत नाही, पण धूर तिला माझ्यापेक्षा जास्त कळतो. "अरे, भरताला धुंगार देताना मी काय ओली काटकी ठेवते? आधी निखारा लाल होऊ द्यायचा, मग त्यावर तूप. आणि हा पांढरा धूर असताना झाकण कसलं लावतोस?"

माझं सगळं गणित इथेच चुकलं होतं. ओलं लाकूड धड जळत नाही, त्याच्या धुरात डांबरासारखा अंश राहतो, आणि तो जिथे गारवा मिळेल तिथे जाऊन बसतो. त्या पिंपात सगळ्यात गार माझी फ्रिजमधली अंडीच होती!

दुसऱ्या खेपेला कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून लाकडी कोळसा आणला. त्यावर राखेची साय धरेपर्यंत थांबलो, मग आंब्याच्याच पण खडखडीत वाळलेल्या लाकडाचे दोन तुकडे टाकले, अंगठ्याएवढे. धूर विरळ होऊन निळसर दिसू लागला तेव्हा अंडी आत गेली. ती तासभर आधीच बाहेर काढून ठेवली होती. शेजारी एका टोपात पाणी, म्हणजे आच एकदम चढत नाही आणि हवा फार कोरडी पडत नाही. काटा ११० ते १२० अंशांत ठेवायचा, एवढंच काम. पण त्यासाठी झडपेपाशी उकिडवं बसावं लागतं. दर वेळी झाकण उघडलं की पाच-दहा मिनिटांची आच वाया.

तासाभराने एक फोडलं, बलक वाहत होता. दीड तासाने पांढरं घट्ट, बलक मधोमध मऊ. दोन तासांनी पूर्ण झालं. उकळत्या पाण्यात दहा-बारा मिनिटांत होणाऱ्या कामाला इथे दोन तास लागतात, कारण हवा कितीही तापली तरी पाण्याइतक्या झपाट्याने उष्णता देत नाही. काढल्याबरोबर गार पाण्यात टाकली. आठवडाभर जुनी अंडी मुद्दाम घेतली होती. ताज्याचं टरफल पांढऱ्याला चिकटून येतं. आतला पांढरा भाग किंचित बदामी झाला होता आणि बुडाशी हवेचा खळगा चांगलाच मोठा, कारण टरफलाच्या छिद्रांतून पाणी उडून जातं.

खरं सांगायचं तर टरफलातून धूर फार आत शिरत नाही, वास पुसटच लागतो. म्हणून पाहुणे येणार असतील तर मी आता आधी उकडतो, सोलतो, फडक्याने कोरडी करतो आणि अर्धा तास नुसता धूर देतो. चहाचा रंग येतो. चाळीस मिनिटांच्या पुढे मात्र रबर होतं. अशी अंडी चिरून वर जीरावण, म्हणजे आमचा इंदुरी जिऱ्याचा मसाला, भुरभुरलं की पोह्यांवरचं जीरावण फिकं वाटतं. माझ्यापुरती करायची असली तर अजून टरफलासकटच करतो. त्यात झडपेपाशी बसायला मिळतं.

परवा आईने दारातूनच एक मोठं वांगं पुढे केलं. "वरच्या जाळीवर ठेव, अंड्यांच्या वर. आणि माझ्या वांग्याला चिमटा वेगळा."