आमची वाटचाल : दोन इंची करंड्यासाठी कॅमेरा

संखेड्याचे लाखकामाचे करंडे, टेराकोटाचे झुमके आणि खंभातच्या अकीकाच्या माळा हा आमचा माल. बडोद्याच्या दांडिया बाजारात गिऱ्हाईक वस्तू हातात घेतं, उजेडाकडे धरून फिरवतं आणि मग भाव विचारतं. ऑनलाइन विक्री सुरू झाली तेव्हा ते फिरवून पाहणं फोटोवर आलं. कॅमेरा, लेन्स, स्टँड आणि दिवे मिळून आम्ही २० हजारांची मर्यादा घातली. ती पाळता आली, कारण पैसे नेमके कुठे घालायचे ते हळूहळू उमगलं.

सुरुवात मोबाइलनेच झाली. त्याची मुख्य लेन्स रुंद कोनाची. झुमक्याच्या जवळ नेली की खालचा घेर फुगतो आणि वरचा हूक बारीक दिसतो. स्वस्त मोबाइलमधली ‘मॅक्रो’ लेन्स बहुधा २ मेगापिक्सेलची असते, म्हणजे १६०० गुणिले १२०० पिक्सेल. त्यातून कडा कापल्या की काही उरत नाही. आजही मोबाइलच वापरायचा असेल तर २एक्स (दुप्पट झूम) लावून दोन वीत मागे सरावं. आकार बराच सुधारतो.

नंतर आम्ही जुना, वापरलेला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घेतला : कॅनन १३००डी, सोबत १८ ते ५५ मिलिमीटरची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी. १८ मेगापिक्सेल म्हणजे रुंदीला ५१८४ पिक्सेल. ही लेन्स सुमारे २५ सेंटीमीटरवर फोकस होते आणि ५५ मिलिमीटरवर ठेवली तर चौकटीत साधारण साडेसहा सेंटीमीटर रुंदीची जागा येते. त्यामुळे वेगळी मॅक्रो लेन्स घ्यावी लागली नाही.

पण इतक्या जवळून फोटो काढणं हीच नेहमीची चूक. या अंतरावर ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) एफ/११ ठेवूनही फोकसची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट येतो तेवढी जाडी, जेमतेम ५ मिलिमीटर मिळते. करंड्याच्या झाकणाची कळी स्पष्ट येते आणि कडेची सोनेरी वेल धूसर होते. आम्ही मागे सरलो. चौकटीत १५ सेंटीमीटर जागा येईल इतकं अंतर ठेवलं, तर त्याच एफ/११ला खोली सुमारे २ सेंटीमीटर होते. मग पाच सेंटीमीटरचा करंडा कापून घेतला तरी १७०० पिक्सेल उरतात आणि तीन सेंटीमीटरचा झुमका हजाराच्या थोडा वर बसतो. ॲमेझॉनवर झूम चालायला लांब बाजू किमान १००० पिक्सेल लागते, तेवढं यात भागतं. एफ/१६च्या पुढे जाऊ नये. खोली वाढते, पण विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे) सगळाच फोटो मऊ पडतो.

बाकी सेटिंग ठरलेली : आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १००, २ सेकंदांचा टायमर, स्टँडवर असताना लेन्सचं स्थिरीकरण बंद, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर) दहापट मोठं करून हाताने फोकस. पांढऱ्या पार्श्वभूमीला कॅमेरा फसतो आणि फोटो राखाडी काढतो, म्हणून एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) +१.

वापरलेला कॅमेरा घेताना एफ/१६वर कोऱ्या कागदाचा, मुद्दाम फोकस घालवून फोटो काढावा. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांत दिसते. लेन्समधून टॉर्चचा प्रकाश टाकावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स परत करावी. निकॉन घेणाऱ्यांनी एवढं पाहावं : डी३१०० आणि डी३२००वर एएफ-पी प्रकारची लेन्स फोकसच होत नाही, हातानेही नाही. त्यांना एएफ-एस प्रकारची लागते. स्वस्त एक्स्टेन्शन ट्यूबमध्ये (जवळून फोटो काढण्यासाठी लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसवायची नळी) विजेचे संपर्क नसतात, त्यामुळे ॲपर्चर कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही आणि फोकसची खोली हातची जाते. आम्ही ती घेतली नाही.

खरी मेहनत लाखेच्या चकाकीवर. करंड्याचं झाकण म्हणजे बहिर्गोल आरसाच. त्यात दिवा, खिडकी, कॅमेरा धरलेला हात, सगळं बारीक होऊन दिसतं. दोन्ही बाजूंना ट्रेसिंग पेपर ताणून त्याच्या मागे दिवे लावले की ठिणगीसारख्या ठिपक्याऐवजी लांब, मऊ पट्टा उमटतो आणि कडेचा गोलावा कळतो. समोर काळा पुठ्ठा धरून त्याला भोक पाडावं आणि लेन्स त्यातून काढावी. उरलेली चमक पोलरायझर काढतो (लेन्सवर लावायचा चमक कमी करणारा फिल्टर; आमच्या लेन्सला ५८ मिलिमीटरचा बसतो), पण धातूच्या चमकेवर त्याचा उपयोग नाही. लाखेची चमक पुरती घालवूही नये. मग करंडा प्लास्टिकचा वाटतो, आणि कारागिराने घोटून आणलेली झिलई फोटोतून नाहीशी होणं आम्हाला पटत नाही.

अकीकाला उलट मागून उजेड हवा. मण्यामागे छोटासा पांढरा कागद तिरपा उभा केला की आतल्या रेघा उजळतात.

रंगावरून सर्वांत जास्त माल परत आला. ट्यूबलाइट आणि खिडकीचा उजेड एकत्र आला की मरून तपकिरी दिसतो. आता खिडकी बंद आणि दोनच एलईडी दिवे : ५५०० केल्विन (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९०च्या वर. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) राखाडी कार्डावर जुळवावा. पांढऱ्या कागदात बहुधा उजळवणारं द्रव्य असतं, त्याने रंग ढळतो.

बडोद्याच्या पावसाळ्यात कॅमेरा कापडी पिशवीत ठेवू नये. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवावा आणि जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ते तव्यावर मंद आचेवर, खिडकी उघडी ठेवून पुन्हा सुकवावेत. तो तवा मात्र पोळ्यांचा नको, वेगळा ठेवावा.